खिडकीतला कप आणि ब्लडप्रेशर

यंदा बुद्धपौर्णिमेला आमच्या वाडीतल्या विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती. त्या दिवशी मुंबईकर मंडळी गावाला असतात, मंडप असतो, खुर्च्या असतात, म्हणून तोच दिवस धरला. मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, त्यामुळे बी.पी.चं मशीन घेऊन बसायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

वाडीतली एक बाई समोर बसली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटक, आंब्याच्या दिवसांत जवळच्या गावातल्या कलमांच्या बागेत पेट्या भरायला जाते. वरचं आलं १६४, खालचं १००. मी म्हटलं, पाच मिनिटं गप्प बसा, परत बघू. परत १५८ आणि ९६. चहा घेतलात का, मिसरी लावलीत का, सगळं विचारलं. म्हणाली, "तसलं काय नाय बाय. रातभर डोळा लागला नाय."

का, ते सांगायला तिला बराच वेळ लागला. ज्या घरी ती कामाला जाते तिथे तिचा चहाचा कप वेगळा. मागीलदारच्या खिडकीत पालथा घातलेला असतो. तिनं तो घ्यायचा, चहा प्यायचा, विसळायचा आणि परत खिडकीत ठेवायचा. बारा वर्षं हेच चाललंय. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, निदान ती तसं म्हणाली. पण आदल्या दिवशी सुट्टीसाठी मुंबईहून आलेली दहा वर्षांची नात तिच्याबरोबर बागेत गेली होती. घरातल्या वैनींनी हाक मारली, "तुझा कप तिकडे आहे गो, तो घे." नातीनं विचारलं, "आजी, तुझा कप खिडकीत का?" आणि ही पटकन बोलून गेली, "मला मोठा कप लागतो गं, म्हणून."

कपाचं तिला नवं काहीच नव्हतं. नातीशी खोटं बोलावं लागलं, त्यानं तिची झोप गेली.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हे आरोग्याचं पान आहे. एका दिवसाच्या मोजणीवर बी.पी. आहे की नाही ठरत नाही. निरनिराळ्या दिवशी, शांत बसवून, दोन-तीन वेळा मोजावं लागतं. आणि अपमानामुळेच तिचं बी.पी. वाढलं असं मी म्हणणार नाही. मीठ, मिसरी, वय, आईवडिलांकडून आलेला दोष, अशी बरीच कारणं असतात. तिला डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली आणि ती गोळी तिनं घ्यायचीच आहे. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लोकांना मीठ किती खाता हे हजार वेळा विचारलं असेल. काल तुम्हांला कोण काय बोललं, हे एकदाही विचारलं नाही. तो कॉलम आमच्या कागदात नव्हताच.

बाहेरच्या देशांत हा कॉलम करून बघितला गेला आहे. अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली नऊ साधे प्रश्न तयार केले. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी अदबीनं वागतात का? दुकानात, हॉटेलात तुम्हांला मागे ठेवतात का? तुम्ही कमी हुशार असाल असं धरून चालतात का? तुम्ही अप्रामाणिक असाल असं समजतात का? तुम्हांला बघून घाबरल्यासारखं करतात का? असे ते प्रश्न. वर्षातून एकदा होणारा मोठा अत्याचार त्यांना मोजायचा नव्हता. रोजची टोचणी मोजायची होती. तेव्हापासून अनेक ठिकाणी हे प्रश्न वापरले गेले, आणि ज्यांना रोजची टोचणी जास्त त्यांच्यात उदासी, चिंता आणि झोपेच्या तक्रारी जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं. रक्तदाबाशीही संबंध आढळला आहे, पण तो मनाच्या आजारांइतका सरळ नाही. त्याही आधी, १९७० साली, चेस्टर पीअर्स नावाच्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञानं या बारीक बारीक आघातांना नाव दिलं होतं. एक एक आघात इतका लहान असतो की तक्रार केली तर लोक हसतील. म्हणूनच तो शरीरात जिरवावा लागतो.

जिरवताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कान गरम होतात, घसा कोरडा पडतो, छातीत धडधडतं. हे धोक्याच्या वेळचं शरीराचं काम आहे, साप दिसला तरी हेच होतं. फरक एवढाच की साप निघून जातो. टोमणा मात्र रात्री अंथरुणावर परत येतो. "तेव्हा असं बोलायला हवं होतं" हे उत्तर आपल्याला रात्री दोन वाजता सुचतं आणि धडधड परत सुरू होते. एकच अपमान शरीर दहा वेळा भोगतं. त्यावर कुणी मिसरी वाढवते, कुणी बाटली उघडतो. वाडीतल्या पुरुषांच्या दारूबद्दल आपण भाषणं पुष्कळ करतो. त्यातली किती दारू राग गिळायला लागते, हे कधी कोणी विचारत नाही.

आता टोमणे कसले, तर वाचकांना ते मी सांगायला नको. आडनाव विचारतात, सांगितलं तर "नाही, मूळचं?" असं विचारतात. "तू त्यातली वाटत नाहीस हो." "तुमचं काय बुवा, कोटा आहे." "आम्ही जात मानत नाही, पण तुमच्यातलेच..." आपल्या कोकणात तर आडनावाचीही गरज नाही, वाडी विचारली की झालं. कुणबीवाडी, भंडारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, पत्त्यातच जात लिहिलेली. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पण बौद्धवाडी या नावाबद्दल माझं मत वेगळं आहे. बुद्धाचं नाव ही काही जात नव्हे, ते आपण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर स्वतः घेतलेलं नाव आहे, ते का पुसायचं? असो, तो वेगळा विषय.

अशा वेळी आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: सोडून दे. हल्ली त्याला तथागतांचाही आधार दिला जातो. एक ब्राह्मण रागानं येऊन तथागतांना वाटेल तसं बोलतो. तथागत त्याला विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांनी वाढलेलं अन्न घेतलं नाही तर ते कोणाचं? तो म्हणतो, माझंच. तसंच तुझ्या शिव्या मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याचकडे राहिल्या. वर्षावासाच्या प्रवचनात ही गोष्ट सांगतात आणि पुढे जोडतात, म्हणून बाबांनो, कोणी बोललं तरी मनावर घेऊ नका.

मला हे पटत नाही. गोष्ट नीट बघा. तथागत गप्प बसलेले नाहीत. त्यांनी शिवी घेतली नाही, पण समोरच्याला प्रश्न विचारला आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढलं. शिवी परत केली ती बोलून केली. गिळणं वेगळं आणि न घेणं वेगळं. गिळलेली वस्तू पोटात असते, हे सांगायला नर्स कशाला हवी?

आश्वलायन नावाच्या तरुणाशी झालेला तथागतांचा संवादही तसाच आहे. तो जातीचा मोठेपणा सांगायला आलेला असतो. तथागत त्याच्यावर आवाज चढवत नाहीत. ब्राह्मणांच्या बायकांना पाळी येते का, दिवस जातात का, त्या बाळंत होतात का, असे साधे प्रश्न विचारतात. वेगवेगळ्या जातींच्या माणसांनी वेगवेगळ्या लाकडांनी आग पेटवली तर एका आगीला उजेड आणि दुसरीला नाही असं होतं का, असंही विचारतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पद्धत अजूनही चालते. मी स्वतः वापरून पाहिली आहे.

नोकरीत असताना बाळंतिणीच्या घरभेटीला जावं लागायचं. एका घरी आजीनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. बाळाचं वजन केलं, नाळ बघितली, निघाले. छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले तर आजी मी बसले होते तिथे पाणी शिंपडत होती. मी छत्री उचलली आणि निघाले. एक शब्द बोलले नाही. त्या रात्री मी जेवले नाही. रात्री दोन वाजता सुचणारी उत्तरं मलाही सुचली, आणि ती सगळी शिव्यांची होती.

पुढच्या भेटीला मनाशी तयारी करून गेले. बाळ मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आजी, त्या दिवशी मी गेल्यावर पाणी कशाला शिंपडलंत?" ती गडबडली. "तसं नाय गो, आमची रीत हाय." मी म्हटलं, "मला त्याचं वाईट वाटलं. एक विचारू? दवाखान्यात हे बाळ पहिल्यांदा ज्या बाईनं हातात घेतलं, तिची जात विचारली होतीत?" आजी काही बोलली नाही. सून मात्र आतून म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं त्यांना." एवढंच झालं. आजी बदलली की नाही मला ठाऊक नाही, तिच्या घरी नंतर पाणी शिंपडलं गेलं की नाही तेही ठाऊक नाही. पण त्या रात्री मी जेवले आणि झोपले.

यातून मला जे कळलं ते सांगते. उत्तर त्याच क्षणी द्यायलाच हवं असं नाही. आपण समजतो की तेव्हा बोललो नाही म्हणजे हरलो. तसं नसतं. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनीही बोलता येतं: "त्या दिवशी तुम्ही असं म्हणालात, ते माझ्या डोक्यात राहिलं." उलट तेव्हा आपला आवाज ताब्यात असतो. त्या क्षणी फक्त एक करायचं, श्वास हळू सोडायचा. आनापानसति शिकलेल्यांना हे सांगायला नको. श्वास लांब सोडला की धडधड थोडी उतरते आणि तोंडातून निघणारं पहिलं वाक्य अडवता येतं. पहिलं वाक्य बहुधा शिवीच असते, आणि शिवी दिली की सगळा गाव आपली शिवी लक्षात ठेवतो, त्याचा टोमणा विसरतो.

अडवून मग काय बोलायचं? लांबलचक नको. सर्वांत कामाचा शब्द म्हणजे "म्हणजे?" कोणी म्हणालं, "तुमच्यातले असेच." शांतपणे विचारा, "म्हणजे कसे? आमच्यातले म्हणजे कोणातले?" जे बोलणं अर्धं ठेवून चालतं ते पूर्ण करायला लावलं की बोलणाऱ्यालाच जड जातं. "तू त्यातली वाटत नाहीस" असं म्हणालं तर "त्यातली कशी दिसते?" हसून विचारलं तरी चालतं. मग आपल्याला काय वाटलं ते एका वाक्यात सांगायचं: मला हे लागलं. "तुम्ही जातीयवादी आहात" असं म्हटलं की समोरचा लगेच आपण तसा कसा नाही ते सिद्ध करायला लागतो, आणि मूळ गोष्ट राहून जाते. त्याच्या वाक्याबद्दल बोला, त्याच्या खानदानाबद्दल नको. काही लोकांना हे मवाळ वाटेल. मला तरुणपणी वाटलं असतं.

आणि समोर कोण आहे ते बघूनच बोलायचं. शेजारीण, मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई, रोजचा दुकानदार, यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे, कारण उद्याही तोंड बघायचं आहे. एस.टी.त भेटलेला दारू प्यालेला माणूस, त्याला शिकवायची जबाबदारी आपली नाही. जिथे मारहाणीची भीती आहे तिथून निघून जाणं यात कमीपणा काही नाही. तथागतांनी अभय राजकुमाराला बोलण्याबद्दल जे सांगितलं त्यात खरं आणि हिताचं एवढंच पुरेसं धरलेलं नाही, योग्य वेळ बघणंही आहे.

दुसऱ्यानं बोलणं हेही फार मोठं औषध आहे. वैनींना कपाबद्दल आपण बोललो तर "बघा, आता माजलीत" असं होतं. तेच त्यांच्या जावेनं म्हटलं तर घरातली गोष्ट होते. महाडचं आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो, पण त्यातलं एक सांगायचं राहून जातं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मांडणारे रावबहादूर सी. के. बोले भंडारी समाजातले होते. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे हे बाबासाहेबांबरोबर उभे राहिले, ते आपल्यातले नव्हते. आजही भंडारवाडीत, कुणबीवाडीत अशी माणसं आहेत. त्यांना आपण कधी सांगतच नाही की आमच्याशी असं वागलं जातं. लाजतो. लाज त्यांना वाटायला हवी ज्यांच्या खिडकीत कप आहे.

बाबासाहेबांनी काय केलं, असा प्रश्न मुलं विचारतात. त्यांनी एकच एक गोष्ट केली नाही, सत्याग्रह केला, कोर्टात लढले, कायदा लिहिला. पण आरोग्याच्या पानावर मला त्यांची एक छोटी गोष्ट सांगायची आहे: त्यांनी लिहून ठेवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची लहानशी पुस्तिका. त्यात ते आपलं घराणं मूळचं आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं असल्याचं सांगतात आणि मग एकेक प्रसंग लिहितात. लहानपणी वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर उतरल्यावरचा बैलगाडीचा प्रवास आणि न मिळालेलं पाणी. बडोद्यात पारशी सराईतून हाकललं जाणं. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यानं न्यायला नकार दिला, म्हणून वस्तीतल्याच माणसानं टांगा हाकला, तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे सगळं त्यांनी कुठे, कधी, कोण काय बोललं, अशा तपशिलानं लिहिलं आहे. मोठी विशेषणं नाहीत.

त्याच पुस्तिकेत त्यांनी काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे, १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आलेलं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या बड्या मंडळींनी रदबदली केली, दोन रुपये फी कबूल केली, तेव्हा तो आला, तोही वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच वाटेनं ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात ते बघून न्यूमोनिया आहे असं सांगून डॉक्टर गेला, पुन्हा आला नाही. ती बाई गेली.

माझ्या प्रशिक्षणात थर्मामीटर कसं झटकायचं ते शिकवलं होतं. हे पत्र शिकवलं नव्हतं. मला वाटतं प्रत्येक नर्सच्या आणि डॉक्टरच्या अभ्यासात ते असायला हवं. कारण थर्मामीटरचा तो प्रवास पूर्ण संपलेला नाही. गोळ्या हातावर वरून टाकणं, नाडी न बघता औषध लिहिणं, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही" असं म्हणणं, हे मी नोकरीत बघितलं आहे. आणि पांढरा कोट घातलेलेही यातून सुटत नाहीत. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी आपल्याला सोडून गेली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, खटला न्यायालयात आहे. शिकली म्हणजे सुटली, या आपल्या समजुतीला त्या दिवशी तडा गेला.

तेव्हा लिहून ठेवा. शंभर पानी वही पुरते. तारीख, ठिकाण, कोण होतं, नेमके शब्द. याचे दोन उपयोग. मनात फिरणारी गोष्ट कागदावर उतरली की तिचं फिरणं कमी होतं, पुष्कळांना हा अनुभव येतो. आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर ही नोंद कामाला येते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांकडून लिहून घ्यावं, मोबाइलमध्ये बोलून ठेवावं.

तक्रारीचं थोडक्यात. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जास्त स्पष्टपणे, सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जाणूनबुजून अपमान करणं, जातीवाचक शिवी देणं हा गुन्हा आहे. दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, दुकानात जायला अडवणं हाही गुन्हा आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या जागी सर्वांच्या वापराची भांडी वापरू न देणं हाही. १९९० पासून अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झालेला आहे, त्यामुळे "तुम्ही बौद्ध, तुम्हांला हा कायदा नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फक्त जातीचा दाखला काढून ठेवा. फिर्याद आपल्या नाटे पोलीस ठाण्यात देता येते, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. १४५६६ ही मदतीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पण घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणजे हॉटेलातला वेगळा कप गुन्हा ठरतो, घरच्या खिडकीतला कप कायद्याच्या हाती सहज लागत नाही. तिथे तोंडच उघडावं लागतं. आणि उलटही आहे. जिथे उघड गुन्हा घडला आहे तिथे "समजुतीनं घ्या" म्हणत बैठकीत मिटवायचं हेही चूक. संवाद हा टोमण्यावरचा उपाय आहे, मारहाणीवरचा नाही.

मुलांचं वेगळं बोलायला हवं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तिथे आपली मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं होती. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात वाचून दाखवली, तिथे तीच आपली मुलं मागे पडली. डोकं तेच, कोडी तीच. वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं ओरडून सांगणाऱ्या गुरुजींना हे कोणी तरी दाखवायला हवं. मुख्याध्यापकांना भेटून यादी गुपचूप करा असं सांगणं फार अवघड नाही, दोन-तीन पालक मिळून गेलं तर ऐकतात. आणि मूल घरी येऊन काही सांगायला लागलं तर "तू काय केलंस?" हा पहिला प्रश्न नको. आधी ऐकून घ्या. मूल एकदम गप्प झालं, शाळेला जायला नको म्हणू लागलं, झोपेत दचकू लागलं तर उशीर करू नका. टेलिमानस १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. मोठ्यांनाही. "जगून काय करायचं" असा विचार कोणाच्या मनात येत असेल तर आजच फोन करा, आणि त्याला एकटं सोडू नका.

आता आपल्या तोंडाकडे येते. हे लिहिल्यावर काही जण माझ्यावर रागावतील. साखरीनाट्यातल्या मुस्लिम भावाबहिणींबद्दल आपल्या ओटीवर काय बोललं जातं ते मी ऐकलं आहे. मातंग, चर्मकार समाजातली सून घरात येणार म्हटल्यावर आपल्यातही कुजबुज होते. मुलगी काळी आहे, मुलगा हळवा आहे, अमकीच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे आपणही बोलतो. मीसुद्धा नोकरीत असताना कातकरी बायांना "तुम्ही ऐकतच नाही" असं म्हटलेलं आहे, आणि त्यांनी खाली मान घातलेली आहे. आता ते आठवतं तेव्हा माझेच कान गरम होतात. कोणी आपल्याला टोकलं तर "मी तसा नाही" म्हणण्याआधी "चुकलं माझं" म्हणता आलं पाहिजे. ते फार थोड्यांना जमतं. आमच्या मंडळाच्या सभेत तर कोणालाच जमत नाही.

म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे. वर्षावासात दर आठवड्याला विहारात प्रवचन असतं. त्यातली एक संध्याकाळ बोलायच्या सरावाला द्यावी. एकानं टोमणा मारायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी बघायचं. पोहायला जसं किनाऱ्यावर उभं राहून येत नाही, तसं हेही पुस्तकात वाचून येत नाही. तोंडाला सवय लागते तेव्हाच वेळेला शब्द सापडतो. गाव शाखेनं हो म्हटलंय, मुंबई शाखेचं उत्तर यायचंय. काही ज्येष्ठांना हे नाटक वाटतं. वाटू दे.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गोळी सुरू झाल्यावर ती दोनदा माझ्या घरी आली, आम्ही हाच सराव केला, मी वैनी झाले. मग एक दिवस बागेत तिनं सांगितलं, "वैनी, आज चहा नको." दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी वैनींनी विचारलं, पोट बिघडलंय का? ती म्हणाली, "पोट बरं हाय. तो कप खिडकीत हाय ना, तो आता मला नको. माज्या नातीनं इचारलं, मी तिला खोटं बोलले." वैनी काही न बोलता आत गेल्या. हंगाम संपेपर्यंत काम चालू राहिलं, पैसे वेळेवर मिळाले, चहा मात्र कोणी विचारला नाही. शेवटच्या दिवशी मुंबईहून आलेल्या त्यांच्या सुनेनं ट्रेमधून सगळ्यांना एकसारख्या कपांत चहा आणला. वैनी तेव्हा ओटीवर नव्हत्या. खिडकीतल्या कपाचं काय झालं ते तिनं बघितलं नाही.

नातीला तिनं फोन करून खरं काय ते सांगितलं. नात म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं.

मागच्या आठवड्यात तिचं बी.पी. १३८ आणि ८६ होतं. मिसरी अजून सुटलेली नाही. पुढची तपासणी आषाढ पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, दहा ते एक. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती सकाळी घेऊनच यावं, डॉक्टरांचे जुने कागद बरोबर आणावेत, आणि येण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.